टायर घेण्याआधी रिम मोजा

नवी सायकल घेऊन चार-सहा महिने झाले की दोनपैकी एक इच्छा हमखास होते. हायब्रिडवाल्याला (म्हणजे रोडबाइक आणि माउंटन बाइक यांच्या मधली सायकल असणाऱ्याला) वाटतं, हे जाड टायर काढून बारीक टाकले की सायकल सुसाट पळेल. रोडबाइकवाल्याने एक पावसाळा खड्ड्यांत काढलेला असतो, त्याला वाटतं टायर थोडे जाड असते तर कंबर वाचली असती. दोघंही दुकानात जाऊन विचारतात, "माझ्या सायकलला कुठला टायर बसेल?" दुकानदार लावलेल्या टायरकडे बघतो आणि अंदाजाने सांगतो. कधी बरोबर निघतं, कधी नाही.

कुठला टायर चालेल हे आधी रिम सांगते, मग फ्रेम. जुन्या टायरचं मत शेवटी विचारायचं. (बऱ्याच दुकानांत रिमला ‘रिंग’ म्हणतात. तुम्हीही तिथे रिंगच म्हणा, काम लवकर होतं.)

टायरवर काय लिहिलंय ते वाचा

ओल्या फडक्याने टायरची बाजू पुसा. हायब्रिडच्या टायरवर बहुधा एकाच मापाची तीन नावं सापडतील: २८ × १ ३/८ × १ ५/८, ७०० × ३५सी आणि ३७-६२२. पहिल्या दोन नावांना इतिहास आहे, भरवसा नाही. ‘७००सी’ मधला ‘सी’ जुन्या फ्रेंच पद्धतीतला. चाकाचा बाहेरचा व्यास साधारण ७०० मिमी धरून टायरच्या जाडीप्रमाणे ए, बी, सी अशी अक्षरं द्यायचे. आज त्या अक्षराचा जाडीशी काही संबंध उरलेला नाही, नुसतं चिकटून राहिलंय.

कामाचं नाव तिसरं, ३७-६२२. ही ईटीआरटीओ या युरोपीय संस्थेची पद्धत. पहिला आकडा टायरची रुंदी, ३७ मिमी. दुसरा आकडा टायरची कड रिममध्ये जिथे टेकते तिथला व्यास, ६२२ मिमी. दुसरा आकडा जुळलाच पाहिजे, मिलिमीटरचीही सूट नाही. पहिल्या आकड्यात थोडी मोकळीक असते आणि ती नेमकी किती, हेच आपल्याला काढायचंय.

नेहमी भेटणारे व्यास थोडेच आहेत. रोडबाइक, बहुतेक हायब्रिड आणि २९ इंची एमटीबी (माउंटन बाइक) ६२२. २७.५ इंची एमटीबी ५८४. जुनी २६ इंची एमटीबी ५५९. घडीच्या बहुतेक सायकली आणि बरीचशी लहान मुलांची वीस इंची चाकं ४०६. आपली काळी, रॉड ब्रेकवाली, दूधवाल्याची सायकल ६३५.

या ६३५ ने मला एकदा चांगलाच धडा दिला. वडिलांची काळी सायकल पुन्हा रस्त्यावर आणायची होती. जुन्या टायरवर २८ × १ १/२ दिसलं. मी ऑनलाइन शोधलं, २८ × १.५० सापडला, दीड म्हणजे दीडच की, असं म्हणून मागवला. रविवारची अख्खी दुपार अंगठे सोलवटले, टायर रिमवर चढेना. शेवटी कडेवरचा बारीक मजकूर वाचला तेव्हा ४०-६२२ दिसलं. सायकलला हवा होता ४०-६३५. व्यासात १३ मिमीचा फरक, तो चढणार कसा? वडील बाजूला बसून चहा पीत होते. "अपूर्णांक आणि दशांश शाळेत वेगळे शिकवतात ते उगाच नाही," एवढंच म्हणाले. २६ इंचीतही हाच सापळा आहे. २६ × १ ३/८ म्हणजे ५९०, पण दशांशातला २६ × १.७५ किंवा १.९५ म्हणजे ५५९.

रिमची आतली रुंदी मोजा

रिमवर कधी स्टिकर असतो, कधी खोदलेलं असतं: ६२२ × १९सी. इथला १९ म्हणजे आतली रुंदी मिलिमीटरमध्ये. (इथेही ‘सी’ आहे, पण हा तिसराच. रिमच्या कडांना आत वळलेला हूक आहे, एवढं तो सांगतो.) स्टिकर निघून गेला असेल तर मोजायला लागेल. दहा मिनिटांचं काम आहे.

चाक काढा, हवा सोडा, टायरची एक कड रिमच्या बाहेर काढा आणि टायर बाजूला सारा. आता रिमच्या दोन भिंती दिसतील. भिंतींच्या वरच्या टोकाला आतल्या बाजूला बारीक ओठ असतो, तोच हूक. एका हुकापासून समोरच्या हुकापर्यंतचं अंतर मोजायचं. व्हर्नियर कॅलिपर असेल तर त्याचे वरचे छोटे जबडे, आतली मापं घेणारे, वापरा. नसेल तर जाड पुठ्ठ्याची पट्टी कापा आणि दोन हुकांमध्ये जेमतेम अडकेल इतकी कातरत न्या. मग ती पट्टी मोजपट्टीवर ठेवा. तीन-चार ठिकाणी मोजा. रिम कुठे चेपलेली असेल तर तीही अशी सापडते.

हमखास होणारी चूक म्हणजे बाहेरून मोजणं. बाहेरून २४ भरणारी रिम आतून १९ च असू शकते. भिंतींची जाडी त्यातच जाते. दुकानात कोणी "रुंद रिम आहे, चोवीसची" म्हणालं तर आतून की बाहेरून, हे विचाराच.

चाक हातात आहेच तर ब्रेकची बाजूही पाहून घ्या. रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर भिंत झिजते. बऱ्याच रिमवर झीज दाखवणारी बारीक खाच किंवा टिंब असतं. ते दिसेनासं झालं असेल, किंवा मोजपट्टीची कड लावल्यावर भिंत आत खळगा पडल्यासारखी दिसली, तर टायरचा विचार सोडा आणि आधी रिम बदला.

दीडपट ते दुप्पट

वर्तमानपत्राची चार बोटं रुंद, वीतभर लांब पट्टी फाडा. दोन्ही टोकं दोन चिमटीत धरा आणि मधला भाग वर फुगू द्या. हात जवळ आणलेत की पट्टी विजेच्या बल्बसारखी होते: खाली मान बारीक, वर डोकं मोठं. हात लांब नेलेत की बुटकी, पसरट कमान होते. टायरचंही तसंच. त्याचं कापड एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ठरावीक लांबीचं असतं. त्याची टोकं किती लांब धरायची हे रिम ठरवते. बल्बही नको, पसरट कमानही नको, मधला गोलसर आकार हवा.

तो आकार मिळायला टायरची रुंदी रिमच्या आतल्या रुंदीच्या साधारण दीडपट ते दुप्पट असावी. त्या हिशेबाने:

आतून १५ मिमी: २३ ते ३० चा टायर
१७ मिमी: २५ ते ३४
१९ मिमी: २८ ते ३८
२१ मिमी: ३१ ते ४२
२५ मिमी: ३७ ते ५०
३० मिमी: ४५ ते ६०

ही सुखाने चालवायची हद्द आहे, लक्ष्मणरेषा नव्हे. टायर कंपन्यांचे तक्ते वरच्या बाजूला जास्त सैल असतात. १९ च्या रिमवर ५० च्या पुढच्या टायरलाही ते परवानगी देतात. साध्या एमटीबी अशाच चालतात आणि कमी हवेवर, कमी वेगात काही बिघडत नाही. उलट अलीकडच्या महाग रोडबाइकवर २१ च्या रिमवर २८ चा टायर सर्रास येतो, म्हणजे दीडपटही नाही. तो टायर आणि ती रिम एकमेकांना धरून बनवलेली असतात. जुन्या हायब्रिडवर हा दाखला लावू नका. तुमच्या रिमच्या किंवा टायरच्या कंपनीचा तक्ता मिळाला तर तो माझ्या यादीपेक्षा मोठा.

आणखी एक गोष्ट कागदी पट्टीच दाखवते. टायरवर छापलेली रुंदी ही कुठल्या तरी ठरावीक रिमवरची असते. रिम १ मिमी रुंद झाली की टायर साधारण ०.४ मिमी फुगतो. २८ छापलेला माझा टायर १७ च्या रिमवर २८ भरायचा, २१ च्या रिमवर गेला आणि साडेएकोणतीसच्या वर निघाला. फ्रेममध्ये जागा कमी असेल तेव्हा हा दीड मिमी महागात पडतो.

माप चुकलं तर

बारीक टायर रुंद रिमवर टाकला की तो ताणून चौकोनी होतो. धातूची कड टायरच्या बरोबरीने बाहेर येते. खड्ड्यात चाक आपटलं की ट्यूब रिमच्या कडेवर चिरडते आणि शेजारी शेजारी दोन चिरा पडतात, साप चावल्यासारख्या. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवतो, दोन ठिकाणांहून बुडबुडे येतात, तो म्हणतो "हवा कमी होती." हवा कमी असली की हे होतंच, म्हणून त्याचं बरोबरच आहे. पण टायर फारच बारीक असेल तर हवा भरूनही सुटका नाही, आणि रिमही चेपते.

जाड टायर अरुंद रिमवर टाकला की बल्ब होतो. सरळ रस्त्यावर कळतही नाही. घाटाच्या वळणावर सायकल आडवी केली की टायरचं डोकं एकीकडे आणि मान दुसरीकडे सरकते, मागून कोणी सीट हलवतंय असं वाटतं. हवा वाढवली की डुलणं थांबतं, मग लोक हवा वाढवतात. हे वाईट. रिमच्या भिंतींवर बाहेरच्या दिशेने पडणारा जोर हवेच्या दाबाबरोबर वाढतो आणि टायरच्या जाडीबरोबरही वाढतो. २३ च्या टायरमधला ११० पीएसआय दाब ३८ च्या टायरमध्ये भरणं म्हणजे झिजलेली भिंत फोडायला निमंत्रण. उतारावर ब्रेक दाबून तापलेल्या रिमवर तर विचारूच नका.

फ्रेममध्ये जागा आहे का?

रिमने होकार दिला तरी फ्रेम अडवू शकते. चार जागा बघायच्या: पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या दोन पायांमध्ये, चिमट्याच्या डोक्याखाली, मागे पेडलच्या अ‍ॅक्सलजवळ जिथे फ्रेमच्या आडव्या नळ्या एकत्र येतात तिथे, आणि सीटच्या नळीमागे. पेडलजवळची जागा सगळ्यात बेरकी. तिथे वाकून कोणी बघत नाही.

मोजायला वेगळं हत्यार नको. अ‍ॅलन कीचा संच काढा. ५ मिमीची की टायर आणि फ्रेमच्या मध्ये घाला. दोन्ही बाजूंना सहज फिरली तर ठीक. ६ ची गेली तर उत्तम. जुना टायर खरा किती रुंद आहे तेही मोजा, छापलेला आकडा नव्हे. समजा तो ३४ भरला आणि दोन्ही बाजूंना ८-८ मिमी मोकळे आहेत. प्रत्येक बाजूला ५ राखून ठेवले तर ३-३ उरतात, म्हणजे खरा ४० पर्यंतचा टायर मावेल. पावसाळ्यात मातीच्या वाटेने जायचं असेल तर इतकं ओढू नका. कोकणातली तांबडी माती टायरला थापली जाते, मग ती ५ मिमीची फट आधी भरते आणि नंतर रंग खरवडते. मडगार्ड लावणार असाल तर त्याची जागा वेगळी धरा.

ब्रेकही पाहा. रोडबाइकच्या जुन्या कॅलिपर ब्रेकखाली २८ चा टायर जेमतेम जातो, काहींत २५ वरच अडतो. व्ही-ब्रेकमध्ये टायर मावतो, पण हवा भरलेलं चाक ब्रेकच्या रबरांमधून काढता येत नाही, दर वेळी ब्रेक सोडावा लागतो. डिस्क ब्रेकवाल्यांना ही कटकट नाही.

भाच्याची हायब्रिड

हे सगळं एका सायकलवर लावून बघू. माझ्या भाच्याला पुण्याहून गोव्याला सायकलने जायचं होतं, आंबोली घाट उतरून. हायब्रिडवर ७०० × ३५ टायर. त्याने कुठे तरी शर्यतीच्या सायकलींवर २३ चे टायर पाहिले होते आणि तेच हवे होते. "मामा, पस्तीसवर ट्रॅक्टर चालवल्यासारखं वाटतं."

रिम मोजली, आतून १९. तेवीस म्हणजे १९ च्या सव्वापटही नाही, तो बाद. पंचवीसही दीडपटीच्या बराच खाली. अठ्ठावीसपासून पुढे चालेल. फ्रेमचा प्रश्न नव्हता, कारण आपण बारीक करत होतो. मग २८ की ३२? तो सत्तर किलोचा, वर सामानाची पिशवी, रस्त्याचा भरवसा नाही. मी ३२ म्हणालो. त्याने तोंड वाकडं केलं आणि ३२ घेतले, पण खरी युक्ती त्यांच्या रुंदीत नव्हती. जुने टायर जाड रबराचे, खोल नक्षीचे होते. नवे गुळगुळीत आणि पातळ कापडाचे. सायकल पळायला लागली ती मुख्यतः यामुळे. बारीक टायर म्हणजे वेगवान ही समजूत खडबडीत रस्त्यावर फारशी टिकत नाही. स्वतः शर्यतवालेही आता २३ सोडून २८ आणि त्याहून जाड टायरवर आलेत. तेव्हा नक्षी आणि कापड आधी बदला, रुंदी नंतर.

ट्यूब, पट्टी, हवा

टायर बदलला की ट्यूबचं मापही बघा. ट्यूबच्या डब्यावर ती किती ते किती रुंदीच्या टायरला चालते ते लिहिलेलं असतं, उदाहरणार्थ ७०० × २८/३२. ३८ ची ट्यूब २८ च्या टायरमध्ये कोंबली तर घडी पडते आणि घडीवर फुटते. बारीक ट्यूब जाड टायरमध्ये ताणून पातळ होते, हवा पटकन उतरते. व्हॉल्व्ह रिमच्या भोकाला जुळतोय ना, तेही बघा. बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला ६.५ मिमीचं भोक लागतं. मोटारीसारखा श्रेडर आणि आपला नेहमीचा इंडियन व्हॉल्व्ह ८.५ च्या भोकात जातात. मोठ्या भोकात प्रेस्टा बसवायचा तर मध्ये भोक लहान करणारी छोटी कडी घाला, नाही तर ट्यूब तिथूनच कापली जाते.

रिमच्या तळाला स्पोकची भोकं झाकणारी पट्टी असते. ती भोकं पूर्ण झाकेल इतकी रुंद हवी, पण टायरची कड जिथे टेकते तिथे चढलेली नको. पट्टी सरकलेली असेल तर नवी टाका. चाळीस-पन्नास रुपयांची वस्तू वाचवायला जाऊन लोक दोन ट्यूब फोडतात.

बसवताना ट्यूबमध्ये थोडी हवा भरा, आकार येण्यापुरती. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, तो पाळा. टायरची कंपनीची छाप व्हॉल्व्हसमोर आणा. ही नुसती हौस नाही, पुढे टायरमध्ये काटा सापडला तर ट्यूबवरचं भोक त्याच्या समोरच शोधता येतं. चढवायला सुरुवात व्हॉल्व्हच्या समोरून करा आणि व्हॉल्व्हपाशी संपवा. शेवटचा भाग चढेना तर चढवलेल्या बाकीच्या टायरची कड चिमटीने रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलत या, ढील मिळते. टायर उचकायची लोखंडी लिव्हर शक्यतो नकोच. मग हवा अर्धी भरून थांबा. टायरच्या कडेला रिमलगत एक बारीक उठावाची रेघ असते. ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे का, ते चाक फिरवून दोन्ही बाजूंनी बघा. एका ठिकाणी बुडालेली किंवा वर आलेली दिसली तर हवा सोडा, तिथला टायर हाताने मळा, पुन्हा भरा. यानंतरच पूर्ण हवा.

पूर्ण म्हणजे किती? टायरवर लिहिलेला आकडा बहुधा कमाल असतो, सल्ला नव्हे. सत्तर किलोच्या आसपासच्या माणसाने ट्यूबवाल्या ३२ च्या टायरला ६० पीएसआयजवळ सुरुवात करावी, ३८ ला ४५ जवळ, पुढच्या चाकात मागच्यापेक्षा थोडी कमी. मग आपल्या रस्त्यांवर पाच-पाच कमी-जास्त करत बसायचं.

बिनहुकाच्या रिमवाल्यांनो, थांबा

मोजताना रिमच्या भिंतीला आतून ओठच सापडला नाही, भिंत सरळ आहे, तर वरची यादी बाजूला ठेवा. ही हुकलेस रिम. तिच्यावर फक्त ‘हुकलेस चालेल’ असं सांगणारे ट्यूबलेस (ट्यूबशिवाय चालणारे) टायर लावायचे आणि दाब ५ बार, म्हणजे सुमारे ७२ पीएसआयच्या वर न्यायचा नाही. इथे बारीक टायर टाकणं नुसतं गैरसोयीचं नाही, टायर सुटून बाहेर येऊ शकतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये यूएई टूर शर्यतीत बेल्जियमचा थॉमस डी गेंट अशाच प्रसंगात पडला. आतून २५ मिमीच्या हुकलेस रिमवर त्याचा २८ चा टायर होता, तो सुटला. त्यानंतर अशा रिमवर किमान २९ चा टायर हवा यावर बरीच चर्चा झाली. तुमच्या रिमच्या कंपनीची यादी काढा आणि तिच्यात नसलेला टायर फुकट मिळाला तरी घेऊ नका.

पहिल्या फेरीनंतर

नवा टायर एक-दोन दिवसांत ताणून थोडा रुंद होतो. दोन दिवसांनी कॅलिपर लावून खरी रुंदी मोजा आणि अ‍ॅलन की पुन्हा फिरवून बघा.

हँडलवरच्या मीटरमध्ये चाकाचा घेरही बदला. ७०० × ३५ ला २१६८ मिमी धरतात, ३२ ला २१५५, २८ ला २१३६. पस्तीसचा आकडा तसाच ठेवून २८ चे टायर लावलेत तर मीटर शंभर किलोमीटरला जवळजवळ दीड किलोमीटर जास्त दाखवेल. भाच्याने हे मुद्दाम बदललं नाही, असा माझा संशय आहे.

रिमचा आकडा, टायरची मोजलेली रुंदी आणि फ्रेममधली मोकळी जागा एका चिठ्ठीवर लिहून सीटच्या पिशवीत पंक्चरच्या सामानाबरोबर टाका. पुढचा टायर कुठल्या तरी अनोळखी गावात, घाईत घ्यायची वेळ येते.